दर हजारी

एकोणिसाव्या मजल्यावर माझी खिडकी.
खाली ईस्ट रिव्हर. तिला नदी म्हणतात,
पण भरतीला ती उलटी वाहते,
हे मला न्यूयॉर्कमध्ये चौथ्या वर्षी कळलं.

माझं काम आकड्यांचं.
जन्म मोजायचे दर हजारी,
बाळंतपणात गेलेल्या बायका दर लाखी.
त्या दिसाव्यात म्हणून
छेद मोठा घ्यावा लागतो.

छेद हा शब्द मी शाळेत शिकले.
कौतिक मावशीसुद्धा शाळेतच,
धरणगावला, चौथीच्या वर्गात,
बाकं जोडून केलेल्या टेबलावर.
फळ्यावरचे अपूर्णांक कुणी पुसले नव्हते.
चाळीस पुऱ्या करायच्या होत्या, सदतीस झाल्या,
म्हणून दिवेलागणीला जीप परत आली.
मावशी त्या तिघींतली.
वय तेवीस, मुली दोन.
मिळाली स्टीलची बादली,
तिच्यात ती अजून कळण्याचं पीठ ठेवते.
धाकटी पुढच्या उन्हाळ्यात गोवराने गेली.
यावर मावशी बोलत नाही.
बादली घासते.

त्या सालात आमची संस्था नेमकी कुठे होती,
हे बघायला मी एकदा तळघरात गेले.
फायली सांभाळणारा म्हातारा डेझमंड म्हणाला,
हे साल बरेच जण मागतात,
आणि चष्मा पुसत तीन खोकी काढून दिली.
जीपच्या टायरांची पावती सापडली,
चार नग, सही अस्पष्ट.
बाईचं नाव एकही नव्हतं.

पुढे शब्द बदलले.
लक्ष्य गेलं, हक्क आले.
मी त्या शब्दांवर जीव लावला, अजून आहे.
मराठी पत्रक तपासायला माझ्याच टेबलावर आलं
आणि संमतीपाशी माझी पेन्सिल थांबली.
रात्री फोन लावला.
मावशी, संमतीला तू काय म्हणशील गं?
अंगठा, ती म्हणाली.
अजून काय म्हणतात?

आज सकाळी पत्र आलं, एका पानाचं.
पैसे बंद.
कारण, आम्ही म्हणे सक्तीला हातभार लावतो.
कुणीतरी हसलं, मला हसू आलं नाही.
सक्ती मी पाहिली आहे,
तिला कडी असते,
उचलायला सोपी जाते.
पण गोदामात अडकलीत ती पाकिटं निराळी:
साबणाची वडी, ब्लेड, दोऱ्याचे दोन तुकडे,
हातभर प्लास्टिक.
कुठल्याशा गावात आज रात्री कुणीतरी
जुन्या विळ्याने नाळ कापेल.
ती बाई माझ्या तक्त्यात
पुढच्या वर्षी येईल. आली तर.

साडेसातला डिल्सिया कचरा न्यायला आली.
होंडुरासची. केसांना कायम हिरवा रुमाल.
भिंतीवरच्या पोस्टरमधल्या गरोदर बाईचा चेहरा
ती रोज फडक्याने पुसते, पोटापर्यंत हात पोचत नाही
कारण मध्ये झेरॉक्स मशीन आहे.
आज थांबली.
म्हणाली, तुम्हाला माहीत असेल,
या शहरात कागद न मागता
ऑपरेशन करून देतात का कुठे?
तीन आहेत मला. बास झालं.

माझ्या तोंडून निघून गेलं,
कुणी सांगितलं तुला?
नवऱ्याने? कामावर कुणी?
ती बघत राहिली,
चुकीच्या खोलीत शिरल्यासारखी.
मीच सांगतेय, म्हणाली.

ओशाळले मी.
समोर पडलेल्या आलेखाच्या पाठीवर
एल्महर्स्टच्या दवाखान्याचा नंबर लिहून दिला.
ती तो दिव्याखाली धरून
एकेक आकडा मोठ्याने वाचत गेली.
शेवटच्यापाशी अडली.
हा सात आहे का एक?

एक, मी म्हटलं.